काच की फिल्म

प्रिय पिल्ला,

बाबांच्या दुर्बिणीसाठी काचेचा फिल्टर पाठवू की फिल्मचा, असं तू विचारलंस. फोनवर मी नीट बोलले नाही, कारण ते शेजारीच बसले होते आणि तुझा आवाज ऐकून खुशीत होते. आता ते केस कापायला गेलेत. शेजारचे काका सोबत आहेत.

त्यांना विचारशील तर फिल्म. काचेतून सूर्य केशरी दिसतो, फिल्ममधून पांढरा, आणि फोटोत सूर्यावरच्या डागांच्या कडा स्वच्छ येतात. फिल्म ताणायची नसते, सैलच ठेवायची, सुरकुत्या पडल्या तरी चालतं. मी एकदा हौसेनं ताणून बसवली, तर म्हणाले, "अगं, सूर्य बघायचाय, ढोल नाही मढवायचा." जन्मभर लोकांच्या कवळ्या बनवल्या, त्याच हातांनी फिल्म धरायची पुठ्ठ्याची कडी अशी कापतात की नळीच्या तोंडावर हिरडीवर बसावी तशी बसते. फिल्ममध्येही दोन प्रकार. गडद असते तिच्यातून डोळ्यानं बघता येतं. फिकट असते ती फक्त कॅमेऱ्यासाठी. तिच्यातून उजेड जास्त येतो, फोटो पटकन निघतो, पण डोळा लावायचा नाही. त्यांना फिकटच हवी. हे सगळं त्यांनी मला सकाळी समजावलं. चहा झाल्यावर पुन्हा समजावलं, त्याच शब्दांत, ढोलाचा विनोदही त्याच जागी. मी दोन्ही वेळा हसले.

फिकट फिल्मचे फिल्टर कपाटात आहेत. त्यांनीच बनवलेत. तरी नव्या फिल्टरसाठी पुठ्ठा कापत असतात.

गेल्या आठवड्यात त्यांनी कॅमेरा जोडला आणि नळी सूर्याकडे वळवली. मी आत कपड्यांच्या घड्या करत होते. प्लास्टिक जळाल्याचा वास आला म्हणून धावले. फिल्टर टेबलावर होता. कुठे भोक पडलंय का ते दिव्यासमोर धरून बघतात ना, तसं बघून नीट ठेवलेला. तपासायला ते विसरले नव्हते, लावायला विसरले. कॅमेरा उघडून बराच वेळ आत बघत राहिले. मग म्हणाले, "हे कुणी केलं गं?" मी म्हटलं, माझ्याकडून झालं. दुसरं काही सुचलंच नाही. चांगलेच तापले. "किती वेळा सांगितलंय तुला! आधी फिल्टर, मग बाकीचं सगळं." मग माझ्या तोंडाकडे बघून निवळले. "जाऊ दे. डोळा नव्हता ना तिथे."

संध्याकाळपर्यंत जळालेला कॅमेरा विसरले. मी दुर्बिणीला हात लावायचा नाही, एवढं मात्र लक्षात राहिलं. आता मी फिल्टर घेऊन जवळ गेले की माझा हात धरून बाजूला करतात, अगदी हळू, पाहुण्याच्या पोराला करावं तसं. "तू राहू दे. तुला जमत नाही ते." आणि कॅमेरा दुरुस्तीला दिलाय असं मी सांगते, म्हणून ते डोळा लावतात. कधी फिकट फिल्टर लावून. कधी तो लावलाय की नाही हे मला लांबून कळत नाही. मी हाका मारते, काहीतरी पडल्याचं सोंग करते, ते चिडून वळतात. पण मलाही आंघोळ असते, दाराची घंटा वाजते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वस्तू नजरेआड करा. केली. शेजारी नेऊन ठेवली. ते प्रत्येक खोलीत शोधत फिरले, पलंगाखाली वाकून पाहिलं, मग गॅलरीत दुर्बिणीच्या तिकाटण्याच्या खुणांपाशी उभे राहिले आणि मला म्हणाले, "माझं काही चुकलं का?" मी जाऊन दुर्बीण परत आणली.

तर फिल्म नको. गडद काचेचा घे, धातूच्या कडीचा, बाजूनं स्क्रू असलेला. स्क्रूवर पक्का गोंद सोडला तर फिल्टर पुन्हा निघणार नाही ना, हे दुकानदाराला विचार. निघता कामा नये. आणि तो पोस्टानं पाठवू नकोस, घेऊन ये. तू आणलास म्हटल्यावर ते हौसेनं स्वतः बसवतील. गोंद तेवढा तू लाव, ते झोपल्यावर. त्यानंतर त्या नळीतून सूर्याखेरीज काहीच दिसणार नाही, चंद्रसुद्धा नाही, हे मला ठाऊक आहे. रात्री ते डोळा लावतील आणि सगळं काळं का म्हणून विचारतील. ढग आलेत, असं मी सांगेन. पण त्यांनी मान वर करून पाहिलं तर काय सांगायचं, ते तू ठरवून ये. मला सुचत नाही.

तुझीच,
आई