सुतक न पाळण्याबाबत

मी गोदावरी, जन्मनाव बुधियारिन, कै. सुकालू मरकाम यांची मुलगी, वय बासष्ट, सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेली परिचारिका, राहणार अभनपूर रस्ता, रायपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. आणायचा प्रयत्न झाला, त्याबद्दल पुढे लिहिते. वकील म्हणाले, हिंदीत लिहा, कोर्टात सोपं जाईल. पण ज्यांनी हे वाचावं असं मला वाटतं त्यांच्या घरची भाषा मराठी आहे, आणि माझीही तीच. दिलेल्यातली तेवढी एक गोष्ट त्यांनी परत मागितली नाही.

कलम १. माझं दोन खोल्यांचं घर, मागच्या पेरूच्या झाडासकट, मी सरिता मरकाम हिला देते. ती माझ्या सख्ख्या भावाची धाकटी मुलगी, नर्सिंग शिकते आणि माझ्याजवळच राहते. माझ्या कात्र्या, चिमटे, बाळ तोलायचा काटा आणि पोटाला लावून ठोके ऐकायची नळी, हेही तिलाच.

भाऊ मला पंचविशीत सापडला. मी गावी गेले तर वहिनीने नवी चटई अंथरली आणि बाकी सगळे लांब बसले. बाम्हन घर के नोनी, बामणाघरची मुलगी, आली म्हणून मान दिला त्यांनी. तिथे मानाने वेगळी बसले, पुरानी बस्तीत दुसऱ्या कारणाने. एकूण वेगळं बसायची मला चांगली सवय आहे.

आता पुरानी बस्तीचं, जिथे मी वाढले. माझे वडील जंगल खात्यात शिपाई होते. ते आणि आई एका तापाच्या साथीत गेले. भावाला काकांनी ठेवलं आणि मला, दोन वर्षांची, वडिलांचे साहेब श्री. रामकृष्ण चिंचाळकर घरी घेऊन आले. त्यांना मी बाबा म्हणत असे, त्यांच्या पत्नी शांताबाईंना आई. नीलकंठदादा मोठा, सुनीती माझ्याच वयाची. मी कोण हे मला कोणी सांगितलं नाही. खोटंही कोणी बोललं नाही. माझ्या काळ्या रंगाबद्दल कोणी विचारलं की आई हसून म्हणायची, "यांच्या आजोळावर गेली." मला ते खरं वाटत होतं. सुनीतीलाही.

मी दहा वर्षांची असताना अष्टमीला घरी कुमारिकांचं जेवण होतं. पाट मांडले होते. आईने आमचे पाय धुतले, कुंकू लावलं, माझ्या वेणीत अबोलीचा गजरा माळला. तेवढ्यात अमरावतीहून आलेली शारदामावशी म्हणाली, "शांते, ही गोंडाची पोट्टी पाटावर काहून? देवीचं आहे बाई हे."

मी सुनीतीकडे पाहिलं. मला वाटलं, पोट्टी म्हणजे दुसरी कोणी. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "गोदे, ऊठ. तू मागच्या अंगणात बस, तुले तिथंच वाढते." मी उठले. पाय अजून ओले होते. खीर तीच होती, पुऱ्या त्याच होत्या, पण मी ताट तसंच ठेवून दिलं. त्या दुपारी मी मोठी झाले. त्यानंतर मी कोणत्याही पाटावर न विचारता बसले नाही.

कलम २. श्री. नीलकंठ रामकृष्ण चिंचाळकर यांना मी काहीही देत नाही, आणि ते विसरून नव्हे.

मी ही जागा घेतली तेव्हा इथे नुसत्या बाभळी होत्या. दादा म्हणाला होता, "जंगलात राहायले चालली. रक्त बोलतेच." मग छत्तीसगड वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, बाभळी गेल्या, रस्ता रुंद झाला आणि मी दादाची सख्खी बहीण झाले. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला मिठाईचा डबा आणि टाईप केलेला कागद घेऊन तो आला. बाबांनी मला विधिवत दत्तक घेतलं होतं, असं मी शपथेवर लिहून द्यायचं. म्हणजे माझ्यामागे घर त्याच्याकडे.

"आपण एकाच घरात वाढलो, गोदे," तो म्हणाला. "भाऊ आहो मी तुहा. कागदावर आलं तर वाईट काय?"

हा कागद मला दहाव्या वर्षी मिळाला असता तर मी तो उशाशी घेऊन झोपले असते. तिशीत मिळाला असता तरी मी रडले असते. माझ्यासाठी आलेलं एकमेव स्थळ जात विचारून परत गेलं, तेव्हा हाच भाऊ ओसरीवर पेपर वाचत बसला होता.

आणि आई गेली तेव्हा? तीन वर्षं ती अंथरुणावर होती. तिला आंघोळ मी घातली, तिची घाण मी काढली. शेवटचं पाणी माझ्या हातून प्याली. रात्रीतून दादाने सगळ्यांना सुतकाचे नियम सांगितले. त्याला, सुनेला, नातीला दहा दिवस. लग्न होऊन गेलेल्या सुनीतीला तीन. मी विचारलं, "आणि मी?"

"तुले सुतक नाही. तू बिनधास्त ड्यूटीवर जा."

बरं. मग देवाची पूजा कोण करन, असा प्रश्न निघाला, कारण सुतकात घरचे देवाला शिवत नाहीत. मी म्हटलं, मला सुतक नाही ना, मी करते. दादाने शेजारच्या श्यामरावांना बोलावलं. म्हणजे रडायला मी परकी आणि देवाला मी गोंडाची. असा हिशेब फक्त आपल्याच लोकांना जमतो.

दादाच्या कागदावर मी सही केली नाही. तो सहीविना तसाच याला जोडला आहे.

कलम ३. आईच्या पाटल्या सुनीतीला द्याव्यात. आईने त्या मला दिल्या, स्वयंपाकघराचं दार लावून, "कोणाले सांगू नको" म्हणत. आईची माया होती, ती मी नाकारत नाही. पण ती कायम दार लावून होती. मला तसली नको. पाटल्या चारचौघांत द्याव्यात.

सुनीती मागे येऊन म्हणाली, "गोदे, त्या अष्टमीले मी पण उठाले पाहिजे होतं." दहा वर्षांच्या पोरीवर माझा राग नाही. ती घाबरली होती. माझा राग तिशीतल्या आणि पन्नाशीतल्या सुनीतीवर आहे, जी तीन दिवसांचं सुतक पाळून चौथ्या दिवशी गोल बाजारात साड्या घ्यायला गेली आणि मला विचारूनही गेली नाही. हे मी तिला तोंडावर सांगितलं. ती रडली. मी चहा केला.

कलम ४. माझ्या देहाचं काय करायचं ते सरिता ठरवेल. तिने मला एकदा विचारलं होतं, "फूफू, तैं ओमन बर काबर रोथस?" आत्या, त्यांच्यासाठी का रडतेस म्हणून. मी म्हटलं, सवय आहे. आता ती सोडली आहे. चिंचाळकर घराण्यापैकी कोणीही माझं सुतक पाळू नये, पेपरात 'आमच्या भगिनी' असं छापू नये, तेराव्याला जेवणावळ घालू नये.

कलम ५. याला एक अपवाद. ईरा, दादाची नात, वय तेरा. ती जन्मली तेव्हा तिला पहिल्यांदा हातात घेणारी मी होते. दादा कागद घेऊन आला त्या दिवशी ती सोबत आली होती आणि मोबाईलवर खेळत होती. मान वर न करता म्हणाली, "दादाजी, बड़ी आजी गुज़रीं तब तो आप बोले थे इनको सूतक नहीं लगता. फिर ये बहन कब से हुईं?"

दादाने तिला गप्प बस म्हटलं. ती बसली नाही. पुन्हा विचारलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. उत्तर तिला कळलं होतं. तिचा भोळेपणा तिथे माझ्या ओसरीवर संपला. मला फार वाईट वाटलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बरंही वाटलं.

आता दर रविवारी बस धरून ती एकटी येते. मोठी झाल्यावर ती कशी निघेल ते मला माहीत नाही. या घरातली मुलं चांगलीच जन्मतात, पुढे त्यांना शिकवलं जातं. म्हणून तिच्या नावावर घर केलं नाही. घराच्या लोभाने कोणी तिला माझी नात बनवू नये.

मागच्या रविवारी मी हे लिहीत होते तर तिने विचारलं, "मैं सूतक रखूँगी तो चलेगा? दस दिन स्कूल भी नहीं जाना पड़ेगा."

ईरा, शाळा बुडवू नकोस. दहा दिवसांत गणित मागे पडतं. नखं काप, केस धू, नेहमीसारखी जा. फक्त बाईंनी विचारलं की लक्ष कुठे आहे, घरी कोण वारलं, तर नर्सबाई म्हणू नकोस. आजी गेली म्हण.

वरील मजकूर मी वाचून, समजून, खालील दोन साक्षीदारांसमोर सही केली आहे.

गोदावरी ऊर्फ बुधियारिन सुकालू मरकाम

साक्षीदार:
१. विनायक गणपत लांजेवार, निवृत्त कंपाउंडर, पुरानी बस्ती
२. श्यामराव केशव बोकारे, पुरानी बस्ती (त्या दहा दिवसांत पूजा मीच केली. लिहिलं ते खरं आहे.)

स्थळ: रायपूर
दिनांक: ८ नोव्हेंबर २०१२