रिकाम्या डब्याचं कोडिंग

नेपरव्हिल, इलिनॉय, मंगळवार

ती. स्व. सुलेखामावशीस,

आश्लेषाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? नागपुरात उन्हं तापायला लागली असतील. इथे मार्चमध्येही बर्फ पडतोय आणि आम्ही तो रोज सकाळी फावड्याने बाजूला करतो, त्यामुळे पाठ सोडली तर माझी तब्येत उत्तम आहे. तुझे मेसेज काका मोठ्याने वाचतात आणि फॅमिली ग्रुपवर उल्कामावशीचा पहारा असतो, म्हणून हे सगळं ईमेलवर लिहिते आहे. (पासवर्ड काकांच्या डायरीत, शेवटच्या पानावर.)

दिवाळीत तू म्हणालीस की स्वतःची कंपनी काढायची आणि कोडिंग मात्र येत नाही, हे म्हणजे खानावळ काढून कणीक मळायला शेजारणीला बोलावण्यासारखं आहे. ते मला फार लागलं. माझं अ‍ॅप कसलं आहे हे तू काकांना दरवेळी चुकीचं सांगतेस, म्हणून पुन्हा सांगते. इथल्या मराठी घरांत कोणाचा स्टीलचा डबा कोणाकडे अडकला आहे, याची नोंद ते ठेवतं. कोड ऋषी लिहितो. तो इथेच जन्मलेला, उल्कामावशीच्या बेसमेंटमध्ये माझ्यासमोर बसतो. बाकीचं सगळं मी करते, म्हणजे बोलते. शॉमबर्गच्या मराठी मंडळाने ऐंशी घरांत ते वापरून बघायला घेतलं आहे. अध्यक्ष राधिकाकाकूंना पटलं तर मंडळाची चारशे घरं आपली. नाही पटलं तर कंपनीला कुलूप आणि मी परत विम्याच्या नोकरीत. (साहेबांनी माझी खुर्ची अजून कोणाला दिलेली नाही. हे प्रेम नव्हे, माझ्या कंपनीबद्दलचा त्यांचा अंदाज आहे.)

तर झालं असं, की कोणीतरी उल्कामावशीचा डबा रिकामा परत केला आणि अ‍ॅपने त्यावर हिरवी खूण करून आभार मानले. मावशी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी ऋषीला म्हटलं, हे बदल. तो म्हणाला, "बट इट्स अ कंटेनर. रिकामा इज फाइन ना?" मावशी, त्या क्षणी तुझे शब्द आठवले. ऋषी बहिणीच्या लग्नाच्या तयारीला दोन महिन्यांसाठी व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला गेला, मी तीन आठवडे व्हिडिओ बघून कोडिंग शिकले आणि एक ओळ लिहिली: ज्याच्याकडे भरलेला डबा येईल, त्याने तो तीन दिवसांत भरूनच परत करावा, न केल्यास मंडळाच्या यादीत नाव लाल. ती ओळ पहिल्याच झटक्यात चालली. मी एकटीच बेसमेंटमध्ये नाचले.

फक्त डबा मुळात कोणाचा, हे विचारायचं त्या ओळीत राहून गेलं.

उल्कामावशीने राधिकाकाकूंना गाजराचा हलवा पाठवला. काकूंनी त्याच डब्यातून कोथिंबीर वडी पाठवली. इथे थांबायला हवं होतं, पण अ‍ॅपने मावशीला कळवलं की आपल्याकडे भरलेला डबा आला आहे, तो भरून परत करा. डबा तिचाच होता गं, पण यादीत नाव लाल होणार म्हटल्यावर कोण विचार करतंय? तिने अळूवडी केली. मग तिकडून खरवस आला. (इलिनॉयमध्ये चीक कुठून मिळवला, हे काकू सांगत नाहीत.) बर्फातून चाळीस मिनिटं गाडी चालवून मावशी डबा पोचवते, तिसऱ्या दिवशी काकू तेवढाच रस्ता तुडवत येतात. ऐंशीच्या ऐंशी घरांत हेच चालू आहे. एक कुटुंब डबा घेऊनच फ्लोरिडाला गेलं. मंडळातल्या प्रीताच्या अमेरिकन शेजाऱ्याने भोळेपणाने तिच्या डब्यातून कुकीज दिल्या, तो आता रव्याचे लाडू वळायला शिकतोय. गेल्या आठवड्यापासून माणसांनी खायचे पदार्थ संपले आहेत. राधिकाकाकूंनी डब्यातून बर्फावर टाकायचं मीठ पाठवलं, मावशीने जुने पायमोजे. अ‍ॅपने दोन्ही भरलेले म्हणून मान्य केले.

मी दुरुस्ती करायला गेले, तर ऐंशी घरांतले सगळे डबे उल्कामावशीच्या नावावर झाले. लोक आज्ञाधारक आहेत. संध्याकाळपर्यंत गॅरेजमध्ये एकसष्ट डबे आले आणि गाडी बाहेर बर्फात राहिली. मी घाबरून जुनीच ओळ परत घातली. शेवटी ऋषी लग्न अर्धं टाकून आला. मला वाटलं, आता हा कंपनी सोडणार. ती ओळ वाचून तो म्हणाला, "तू कोड शिकण्याऐवजी मला हे डब्याचं आधी एक्सप्लेन का नाही केलंस, यार?" मला रडू आलं, कारण मला ते कधी सुचलंच नव्हतं. मी त्याला कायम काम सांगितलं, कारण कधी सांगितलं नाही. तेव्हा मावशी, कोडिंगवरच्या तुझ्या दिवाळीच्या टोमण्याला माझं उत्तर: शिकावं, पण समोरच्याशी नीट बोलून झाल्यावर.

ऋषीने चार मिनिटांत नवी ओळ लिहिली: डबा मूळ मालकाकडे भरून पोचला की हिशेब बंद. पण ती चालू करायला उल्कामावशीची परवानगी नाही. डबा सध्या तिच्याकडे आहे, आत्ता खातं बंद झालं तर लोक म्हणतील उल्काने शेवटचा डबा दाबला. तिकडे राधिकाकाकूंनी कळवलंय की या एका डब्याचा हिशेब रीतसर मिटला की अ‍ॅप मंजूर, तोपर्यंत नाही.

बाकी सर्व क्षेम. काकांना नमस्कार. तुझी औषधं वेळेवर घे.

तुझी,
आश्लेषा

ता. क. (बुधवार). उल्कामावशीची समजूत काढून आम्ही नवी ओळ काल रात्री चालू केली. अ‍ॅपने मालकाचं नाव मागितलं म्हणून ऋषीने डबा उलटा केला. तळाशी तुझं नाव कोरलेलं निघालं, खाली १९९४. उल्कामावशी म्हणते, अमेरिकेला येताना तू लोणचं भरून दिलं होतंस आणि परत करायचं राहिलं. अ‍ॅपने तिचं नाव लाल केलं. तिने तिकीट काढलंय, शुक्रवारी डबा भरून नागपुरात पोचते.

ता. क. २. आता खरं काम. डबा हातात आला की ठेवून घे. उल्कामावशीला त्यात काहीही देऊ नकोस, चिमूटभर साखरसुद्धा नाही, नाहीतर हिशेब पुन्हा उघडेल. ती कितीही रुसली तरी हलू नकोस. माझी कंपनी सध्या तुझ्या ओट्यावर आहे.

ता. क. ३. हे पाठवणार एवढ्यात तुझा मेसेज आला, की उल्काला जाताना डब्यातून जवसाची चटणी देऊ की तिळाची. मावशी, मी साहेबांना फोन करते आहे.