बाळाच्या नावाबाबत

लुआंग्वा नदीकाठचा तळ,
१९ सप्टेंबर, दुपार

एस्नार्टवहिनी,

तुम्ही नीट उठला असाल, तर मीही नीट उठलो. लेक तिसाउके कशी आहे? छपरावर नवं गवत घालायचं होतं, ते झालं का? इथे नदी पार आटली आहे. पाणघोडे एकमेकांच्या पाठीवर हनुवट्या टेकून पडलेले असतात. दिवसभर भांडतात, पण जाणार कुठे?

काल तळावर पीठ घेऊन आलेल्या माणसाकडून कळलं, की तिसाउकेच्या बाळाला तीन महिने झाले तरी नाव नाही. तिला तिच्या वडिलांचं, आपल्या लुफेयोदादांचं नाव ठेवायचंय आणि गावचे म्हातारे आडवे येतायत. म्हणे, हातात बंदूक असून समोरचा रेडा ज्याला दिसला नाही, त्याचं नाव लेकराच्या गळ्यात कशाला बांधायचं? उद्या हेही तसंच बेसावध निघेल. हे ऐकल्यावर मला गप्प बसता येत नाही. का ते लिहितोच. आधी आजचा दिवस सांगू द्या.

सकाळी सहाला निघालो. पुढे बंदूकवाला केनान, मागे मी, मग चार पाहुणे आणि शेवटी चहाची पेटी डोक्यावर घेतलेला माणूस. अकरा वर्षं केनानच्या जागी लुफेयोदादा चालत होते. केनान पोरगा चांगला आहे, पण पाऊल जरा जड टाकतो.

तेरा जिराफ दिसले. एक हत्तीण पिल्लाला सोंडेने ढकलत चढावर नेत होती. ते पाहून एका पाहुण्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे चिंचेखाली सिंह आडवा पडलेला होता, पोट हे एवढं फुगलेलं. त्या बाईंच्या नवऱ्याने हळूच विचारलं, "मेलाय का हो?"

केनान म्हणाला, "छे साहेब! बायकांनी शिकार आणली, हा पहिला जेवला आणि लवंडला. आमच्या गावात असे घरोघरी आहेत."

सगळे तोंडावर हात धरून हसले. मीही हसलो. दादा असते तर त्यांनी याहून बरं काहीतरी सांगितलं असतं. ते मला नेहमी म्हणायचे, "योताम, पाहुण्यांना हत्ती दाखव. हत्तीला पाहुणे दाखवू नकोस."

मग ते कोरड्या ओढ्याचं वळण आलं. तुम्हाला ठाऊक आहे कुठलं. केनानने मूठ वर केली. पुढच्याने मूठ वर केली की रांगेने बिनबोभाट मागे फिरायचं, हा आमचा कायदा. त्या बाईंचा नवरा कुरकुरला, "उद्या आम्ही परत जाणार. अजून दहा पावलं चला ना!" मी नाही म्हटलं. आम्ही मागे फिरून काठावर चढलो आणि त्या उंच गवतातून एक म्हातारा रानरेडा बाहेर आला. एकटाच. आमच्याकडे बघत उभा राहिला, मग निघून गेला. पाहुण्यांनी माझी पाठ थोपटली. मी झाडाआड जाऊन सकाळचा चहा ओकलो.

वहिनी, गेल्या वर्षी त्याच वळणावर लुफेयोदादांनी मूठ वर केली होती. मी ती पाहिली होती. पाहुणे मागे कॅमेऱ्यांत डोळे घालून होते, चहावाला दूर होता. पाहणारा मी एकटाच. त्या पाहुण्यांनाही दुसऱ्या दिवशी परत जायचं होतं आणि तीन दिवसांत त्यांना जवळून काहीच दिसलं नव्हतं. मी दादांच्या कानाशी लागून म्हटलं, "दहा पावलं फक्त. म्हातारपणी भित्रे झालात की काय?" त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. मग ते चालू लागले. त्यांना माझ्यापुढे भित्रा ठरायचं नव्हतं, आणि ते मला चांगलं माहीत होतं.

रेडा आला तेव्हा ते बाजूला उडी मारू शकले असते. पण मागे आम्ही होतो.

कचेरीच्या कागदावर विचारलं होतं, पुढच्या माणसाने इशारा दिला होता का? मी लिहिलं, नाही. माझा वाटाड्याचा बिल्ला गेला असता, म्हणून लिहिलं. गावात जे बोललं जातं ते सगळं माझ्या त्या एका शब्दातून उगवलं आहे. आणि मी दर महिन्याला पिठाची पिशवी घेऊन तुमच्या अंगणात येत राहिलो. तुम्ही कोंबडी कापलीत आणि घरच्या कर्त्याचा मान म्हणून तिचा पेटा माझ्या ताटात वाढलात. मी तो खाल्ला, वहिनी. निर्लज्जासारखा खाल्ला.

आज नवीन कागद लिहून मालकांच्या हातात दिला आहे. बिल्लाही सोबत ठेवला. ते काय करायचं ते करतील. हे पत्र तुम्ही म्हाताऱ्यांना जमवून सगळ्यांसमोर वाचून घ्या, एकही ओळ गाळू देऊ नका. शनिवारी मी येईन आणि कुंपणाबाहेर बसेन. तुम्ही आत बोलावलं नाही, तर ऊन उतरलं की उठून जाईन. माफी मागायला माझ्याकडे तोंड नाही.

बाळाचं नाव लुफेयोच ठेवा. मोठा झाला की तो विचारेल, आजोबा कसे गेले? सांगा, आजोबा म्हणाले होते, थांबा. आणि ज्याने ऐकलं नाही, त्याचं नावही त्याला सांगा. लपवू नका. खाली लिहितो आहे.

योताम म्वाले