आबांचा आवाज आणि दादाचा लॅपटॉप

९ नोव्हें. ०८, रवि.
दादा मुंबईहून आला, नवा लॅपटॉप मिरवत. झटका आल्यापासून आबांची वाचा गेलीय, तेव्हा यंदा जत्रेला देवापुढे गावाचं गाऱ्हाणं दादा घालणार. मान थोरल्याचा! पाठ एक ओळ नाही. मी रेकॉर्ड केलेलं आबांचं गाऱ्हाणं ऐकून शिकणार म्हणे.
माझ्याकडे लिनक्स, त्याच्याकडे विंडोज. वायरने दोन्ही जोडून फोल्डर शेअर केला. दिसतो, उघडत नाही. दादाचं आपलं एकच, "ह्यां फुकटचां कित्याक घातलंस गो?" फुकटचं! दोन वर्षांत एक व्हायरस नाही.

१० नोव्हें., सकाळ
परवानग्या दिल्या, पासवर्ड बरोबर, तरी फोल्डर बंदच. शाळेत शिकवायला निघालेय. दादाला बजावलंय, माझ्या कॉम्प्युटरला बाहेरून लावलेल्या डिस्कला हात लावायचा नाही, संध्याकाळी सीडी काढून देते. जुना कॉम्प्युटर पावसाळ्यात मेला, तेव्हापासून आबांचा आवाज त्या एकाच डिस्कवर...

११ नोव्हें.
काल रागाने लिहवलंच नाही.
गेलं सगळं. माझ्यामागे दादाने डिस्क लॅपटॉपला लावली. विंडोजला लिनक्सची डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करू का म्हणून विचारतं. ह्याने हो म्हटलं! "तेनां विचारल्यान, मी होय म्हटलंय. माका काय ठावक?" देवळात गाऱ्हाण्याच्या ओळी-ओळीला सगळ्यांबरोबर डोळे मिटून 'व्हय म्हाराजा' म्हणायची सवय, तीच इथे.
वर मलाच, "तुका पाठ आसा मां, मगे तूच शिकय माका."
पाठ आहेच. लहानपणापासून ऐकतेय. पण आबांचा आवाज कुठून आणू, गाढवा?

१३ नोव्हें.
नेटवर लिनक्सवाल्यांना विचारलं. डिस्कवर नवीन काही घालू नका, पुसलेलं परत निघेल कदाचित, म्हणाले. दादाच्या ओळखीचा एक जण मुंबईत असलं काम करतो. दादाच्या हातात पुन्हा डिस्क द्यायची अजिबात इच्छा नव्हती. दिली. इथे आचऱ्यात कोण काढून देणार?
गाऱ्हाणं शिकवलं नाही. जाताना पुन्हा विचारत होता. तोंड फिरवलं.

२३ नोव्हें., रवि.
दादाचा फोन नाही. मी केला तर उचलत नाही. मेला लपून बसलाय.
आबांना कुणीच काही सांगितलेलं नाही. रोज चहा झाला की स्वतःचं गाऱ्हाणं ऐकायची त्यांची सवय, आणि मी रोज काहीबाही सांगून टाळते. आजही कॉम्प्युटरसमोर येऊन बसले, बोटाने दाखवलं, लाव.
म्हटलं, "आबा, लाईट नाय."
डोक्यावर पंखा फिरत होता. आबांनी एकदा वर बघितलं, आणि उठून बाहेर पडवीत गेले.