खंडेनवमीनंतर लावलेली डिस्क

शनि., २१ ऑक्टो.
नवी डिस्क आली एकदाची. चार कॅमेऱ्यांनी शूट केलेलं लग्न एकावेळी चालवलं की जुनी, सगळी लग्नं ठेवलेली, अडकते, एडिटिंगचा जीव जाते. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, स्पीड मोजायचं टूल लावलं, ते डिस्कवर काहीबाही लिहून वेग मोजते. पर्याय एका फाइलीत लिहून ठेवले. ब्लॉक, म्हणजे एकावेळी लिहायचा तुकडा, ४ केबी, रीड-राइट दोन्ही, डिस्कचं नाव sdb, म्हणजे दुसऱ्या वायरीवरची. कोरीच हाये, मंग चाचणीसाठी वेगळी फाइल बनवा कशाले, सरळ डिस्कवरच लिही म्हटलं टूलले. मस्त पळाली.

सोम., २३. खंडेनवमी.
कॅमेरे, लेन्स, माइक, सगळं पुजलं. शोभा म्हणे, "पोट तर डिस्कावर हाये आपलं, त्या काऊन कॉम्प्युटरच्या डब्यात?" बायकोचं बरोबर होतं. नवी-जुनी दोन्ही काढून पाटावर ठेवल्या. हळदकुंकू, झेंडू. संध्याकाळी परत लावल्या.

बुध., २५.
फाइलीत दोनच पर्याय बदलले. ब्लॉक १ एमबी, अन् सलग राइट. वीस मिनिटं चालू ठेवलं. वेगाचे आकडे अगदी रडके! डिस्क विकणाऱ्या जालन्याच्या दुकानदाराले फोनवर झाप झाप झापलं. तो गरीब म्हणे, "भाऊ, दुसरीच डिस्क तर नाही न तपासून राह्यले?"

डबा उघडून पाह्यला. पूजेनंतर वायरी अदलाबदल झाल्या. sdb आता जुनी, लग्नांची. वीस मिनिटं लोकायच्या लग्नावर कचरा लिहून राह्यलो मी, वरून चहा पिऊन राह्यलो. अरे देवा. टूलनं विचारलंबी नाही. ते काऊन विचारन? मीच तर सांगतलं होतं.

शुक्र., २७.
अकोल्याले, पुसलेला डेटा काढून देणाऱ्याकडं, डिस्क घेऊन गेलो. तो माणूस म्हणे, मागचं बरंच निघते, पण सुरुवातीचं गेलं, त्यावर दुसरं लिहिल्या गेलं. सुरुवातीले उंद्रीचं लग्न होतं. वैशालीचं. कॅमेऱ्याची कार्डं कवाच पुढच्या लग्नांसाठी पुसली. सहा महिने तिले "व्हिडिओ पुढच्या हप्त्यात देतो" म्हणत राह्यलो. तिचे वडील भाद्रपदात गेले.  शोभाले अजून सांगतलं नाही.

रवि., २९.
वैशाली आली. एकटीच, उंद्रीहून बसनं. म्हणे, "पूर्ण नसन झालं तरी चालते भाऊ. निरोपाच्या वेळी बाबा कॅमेऱ्याकडं पाहून माह्यासाठी काहीतरी बोलले. बँड वाजून राह्यला होता, मी रडून राह्यली होती. मले ऐकूच नाही आलं. तेवढंच दाखवा."

सांगतलं. सगळं सांगतलं, पूजा, वायरी, टूल. तिले काय समजलं माहीत नाही. ती रडली नाही, ओरडली नाही. दोन शिव्या देती तर बरं झालं असतं. 

मंग म्हणे, "तुमच्या कानाले हेडफोन होता न भाऊ? तुम्ही तर ऐकलं असन. काय म्हणे बाबा?"

ऐकलं होतं. पक्कं ऐकलं होतं. आवाज कमी येते म्हणून "काका, माइक जवळ घ्या" म्हटलं, हे आठवते. त्यायचा फेटा आठवते. शब्द एकबी आठवत नाही. माह्यं सारं ध्यान आवाजाच्या काट्यावर.

पोरगी खुर्ची पुढं ओढून बसली. मी म्हटलं, "ते म्हणे, पोरी..."

पुढं काय बोललो, ते इथं लिहवत नाही.