घरात पुढचा वाढदिवस कोणाचा?

सोमवार, २४ मार्च १९९७

आजपासून नवं काम. लंडनमध्येच, एजवेअरला एका कार्पेटच्या दुकानावर ऑफिस आहे. तिथे हेडफोन लावून बसायचं, देशभर फोन करायचे आणि लोक मत कोणाला देणार ते विचारायचं. १ मे रोजी जनरल इलेक्शन. बत्तीस वर्षं जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर होतो. पेशंट खोकला सांगायला आला तरी तो किती पितो हे मी तीन मिनिटांत काढून घ्यायचो. मतं त्यापुढे किरकोळ. माणूस फोनवर काही लपवत असला की मला पहिल्या वाक्यात कळतं.

सुप्रभाने चक्क पाठिंबा दिला. अहो, जा की रोज, साडेपाच ते नऊ, तुमचं मन रमेल, म्हणाली. तीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याही कल्पनेचं इतकं स्वागत झालेलं आठवत नाही. उशिरा का होईना, बायकोला किंमत कळली.

संकल्प : साखर बंद. मंजिरीचा विचार बंद.

बुधवार, २६ मार्च

मंजिरीबद्दल एकदाच लिहून विषय संपवतो. माझी मुलगी. एकुलती एक. साउथहॅम्प्टनला डॉक्टर झाली, हॉस्पिटलातला पहिल्या वर्षाचा हाउस जॉब अर्धवट सोडला आणि बंदरावरच्या एका ऑफिसात कंटेनरचे कागद करायला लागली. फेब्रुवारी ९५ मध्ये मी तिला फोनवर म्हटलं, या नंबरवर पुन्हा फोन करू नकोस. रागाच्या भरात माणूस जनरल बोलतो. तिने ते शब्दशः घेतलं. दोन वर्षं होऊन गेली. चूक कळली की करील फोन. मी काही वाट बघत नाही.

शुक्रवार, २८ मार्च

गुड फ्रायडेची सुट्टी. सात वाजता घरचा फोन वाजला. उचलला. कोणी बोलेना. नुसता श्वास. मग खट्. ऑक्टोबरपासून हे चालू आहे. मी उचलला की असंच. सुप्रभाने उचलला की मात्र हमखास अनुराधा असते. अनुराधा म्हणजे तिची साउथहॅम्प्टनची मैत्रीण. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सुप्रभा महिन्यातून एकदा तिकडे जाते. गेल्या वेळी डावा गुडघा होता. या वेळी उजवा निघाला. मी डॉक्टर असूनही चौकशी करत नाही, बायकांच्या मैत्रीत पडू नये.

पण हा श्वास कोणाचा? मला एक संशय आहे. लिहिणार नाही.

मंगळवार, १ एप्रिल

आठवडाभर नुसतं शेजारी बसून ऐकल्यावर आज मीनलने ट्रेनिंग दिलं. मीनल आमची सुपरवायझर, वय चोवीस, आईवडील नाशिकचे, जन्म हॅरोचा. हजार लोकांना विचारलं की अख्ख्या देशाचं मत दोन-तीन टक्के इकडेतिकडे कळतं म्हणे. आमटीची चव बघायला पातेलं संपवत नाही, तसं. मी म्हटलं, पण आधी तळापासून ढवळावी लागते. एक्झॅक्टली अंकल, म्हणाली, म्हणून नंबर कॉम्प्युटर काढतो, आपण चूज नाही करायचा. आणि जो फोन उचलेल त्यालाच धरायचं नाही. अठरा वर्षांवरच्यांपैकी घरात पुढचा वाढदिवस कोणाचा, ते विचारून त्या माणसाला बोलवायचं. नाहीतर फोनजवळ बसून असलेलेच सगळे यादीत येतात. एकाचं उत्तर दुसऱ्याने दिलेलं चालत नाही. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा. मी अधूनमधून लाइनवर ऐकत असेन, म्हणाली. तुमची आवाज छान आहे अंकल, पण तुम्ही पेशंटला ओरडता तसं बोलता.

९२च्या निवडणुकीत सगळे पोल तोंडावर आपटले, कारण बऱ्याच लोकांनी मनातलं सांगितलंच नाही. म्हणून आता 'माहीत नाही' म्हणणाऱ्यांना गेल्या वेळी मत कोणाला दिलं ते विचारतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना तिकडेच धरतात. पद्धत फार आवडली. घरी येऊन लगेच वापरली. सुप्रभाला विचारलं, मंजिरीच्या बाबतीत माझं बरोबर ना? मला नाही माहीत, म्हणाली आणि भांडी लावायला लागली. १९६७ साली तिने मला होकार दिला होता. म्हणजे ती माझ्या बाजूने.

गुरुवार, ३ एप्रिल

हल शहरातले एक आजोबा. पुढचा वाढदिवस कोणाचा, विचारलं. डोरीनचा, येत्या मंगळवारी, म्हणाले. नियमाप्रमाणे मी म्हटलं, त्यांना फोनवर बोलावता का? गेले. स्लिपर्सचा आवाज, जिना, एक दार. बऱ्याच वेळाने आले आणि म्हणाले, सॉरी हं, ती जानेवारीत गेली, मी विसरलोच.

मलाच सॉरी म्हणाले. मग खरं तर त्यांचीच मुलाखत घ्यायला हवी होती. मी घाईने फोन ठेवला आणि कॉम्प्युटरवर 'नो रिप्लाय' टाकलं. मन खंबीर आहे. फक्त जेवण गेलं नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल

'नो रिप्लाय' टाकलेला नंबर कॉम्प्युटर परत देतो, हे मीनलने सांगितलं नव्हतं. सात वाजता तोच हलचा नंबर समोर. पुन्हा 'नो रिप्लाय' टाकलं. साडेआठला पुन्हा तोच. शेवटी लावला. आजोबांनी ओळखलं. बरं झालं परत केलास, म्हणाले. बारा प्रश्नांना चाळीस मिनिटं. मत कोणाला, ते अजून ठरलेलं नाही. डोरीन ठरवायची.

मंगळवार, ८ एप्रिल

पाडवा. रजा घेतली. सणासुदीला एखादी व्यक्ती फोन करते, म्हणून नव्हे. सहज. पावणेसातला फोन वाजला तेव्हा योगायोगाने मी शेजारीच उभा होतो. पाच वाजल्यापासून. उचलला. श्वास. आज जरा जास्त वेळ. मी हळूच विचारलं, मिसेस पिकरिंग?

खट्.

आता लिहूनच टाकतो. मिसेस पिकरिंग माझी पेशंट. एकटी राहायची. रोज संध्याकाळी घरी फोन करायची आणि काही बोलायची नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, काम नसेल तर फोन करत जाऊ नका. तिने केला नाही. पुढच्या आठवड्यात गेली. ९३ची गोष्ट. माझ्या बोलण्याचा आणि तिच्या हृदयाचा काही संबंध नव्हता, पोस्टमॉर्टेम मी स्वतः वाचलं.

भुतांवर माझा विश्वास नाही. झोपताना लहानपणी पाठ केलेलं स्तोत्र म्हटलं, ते आवाजाला व्यायाम म्हणून.

सोमवार, १४ एप्रिल

निव्वळ कुतूहलापोटी एक हिशोब केला. देशात घरं सुमारे दोन कोटी चाळीस लाख. मी एका संध्याकाळी साठ नंबर फिरवतो. वीस संध्याकाळी धरल्या तर बाराशे. म्हणजे एखादं विशिष्ट घर मला लागण्याची शक्यता वीस हजारांत एक. अशक्य नाही. लोकांना लॉटरी लागते.

साउथहॅम्प्टनचा कोड, ०१७०३, आजवर चार वेळा आला. चारही वेळा भलतेच लोक. चारही वेळा मी आधी उठून पाणी पिऊन आलो. ऑफिसमधलं हीटिंग जास्त आहे.

गुरुवार, १७ एप्रिल

नवं निरीक्षण, कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही. जे पहिल्याच रिंगला उचलतात, ते दुसऱ्या कोणाची तरी वाट बघत असतात. 'हॅलो' इतकं उजेडाचं असतं. मग मी सर्व्हेचं सांगितलं की तो आवाज विझतो. आज लीड्सची एक बाई म्हणाली, ओह, मला वाटलं स्टीवन. मग सगळ्या प्रश्नांना 'माहीत नाही' म्हणाली. अशा लोकांना कुठल्या बाजूला धरायचं?

हे आवाज घरापर्यंत येतात. बसमध्येही. आंघोळ करताना नळ बंद केला तरी कोणीतरी 'हॅलो' म्हणतं. कानात मळ असावा. तपासून घ्यायला हवं.

मंगळवार, २२ एप्रिल

मीनलने बाजूला बोलावलं. अंकल, तुम्ही लोकांना विचारता की मुलं फोन करतात का. ते क्वेश्चन आपल्या लिस्टमध्ये नाहीये. मी म्हटलं, उत्तर देणारा मोकळा व्हावा म्हणून. ती म्हणाली, तुम्ही मोकळे होता, ते नाही. आजकालच्या मुलांना अनुभवाची कदर नाही.

शनिवार, २६ एप्रिल

सर्दी. घरी. सुप्रभा दुकानात गेली होती. सहा बावन्नला फोन. श्वास. आज मी काहीच बोललो नाही, तिकडूनही नाही. दोघे मिळून मिनिटभर गप्प. मग खट्.

भूत असेल तर त्याला नंबर नसणार, हा विचार शास्त्रशुद्ध होता. १४७१ फिरवला. शेवटचा फोन कुठून आला ते टेलिफोन कंपनीची, बीटीची बाई सांगते. तिने शांतपणे सांगितलं. ०१७०३ आणि पुढे सहा आकडे.

अनुराधा असणार. सुप्रभाच्या वहीत अनुराधाचा नंबर बघितला. तो वेगळा आहे.

लाइन फॉल्ट.

रविवार, २७ एप्रिल

फोन करणार नाही. करायचा तर तिने बोलायला हवं होतं. सात महिने नुसता श्वास घेऊन कोणी माफी मागतं का?

तो श्वास मिसेस पिकरिंगचा नव्हता, एवढं एक बरं झालं. आणि वाईटही. ती गेलेली होती. ही जिवंत असून माझ्या कानाशी गप्प बसत होती आणि मी तिला मेलेल्या बाईचं नाव घेऊन हाक मारली.

मंगळवार, २९ एप्रिल

उत्तम योजना सुचली. ऑफिसमधून, सर्व्हे म्हणून फोन करायचा. कामावर माझं नाव सिड आहे. इंग्रजी आवाज वेगळा लागतो. ओळखणं शक्यच नाही.

सात वाजता लावला. पहिल्याच रिंगला उचलला. मी मजकूर वाचला. वेळ आहे, म्हणाली. अठरा वर्षांवरच्यांत पुढचा वाढदिवस कोणाचा? माझा, जूनमध्ये. चौदा तारीख, हे मी न विचारता टाइप केलं. मत नक्की देणार? हो. कोणाला? सांगायचं नाही. वय? सव्वीस. घरात मोठी माणसं किती? दोन. पंधरा वर्षांखालची मुलं?

एक, म्हणाली.

पुढचा प्रश्न घर स्वतःचं की भाड्याचं, असा होता. तो वाचायचा सोडून मी विचारलं, मुलगा की मुलगी? स्क्रीनवर घड्याळ असतं. चार सेकंद गेले. मग ती मराठीत म्हणाली, मुलगी आहे बाबा. सात महिन्यांची. आईला वाटलं होतं तुम्ही ऑफिसला जायला लागलात की मला बिनधास्त फोन करता येईल. आता तुम्ही ऑफिसमधूनच करता?

मी म्हटलं, घर स्वतःचं की भाड्याचं?

भाड्याचं, म्हणाली. शेवटचा प्रश्न, या सर्व्हेबद्दल पुन्हा फोन केला तर चालेल का? ती म्हणाली, इट्स अप टू यू. हे उत्तर यादीत नाही. हो, नाही आणि माहीत नाही, एवढीच बटणं आहेत. मी एकही दाबलं नाही. मीनल लाइनवर होती. ती येऊन शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, अंकल, हा इंटरव्ह्यू काउंट नाही करता येणार. नंबर तुम्ही चूज केलात. मग म्हणाली, घरी जा, उद्यापासूनही नका येऊ, प्लीज.

मी तत्त्वाच्या प्रश्नावर राजीनामा दिला.

गुरुवार, १ मे

मत दिलं. सुप्रभाशी बोलणं झालं. अनुराधाचे दोन्ही गुडघे धडधाकट आहेत. मी विचारलं, सात महिने मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही विचारलंत कधी? माझं बरोबर ना, एवढंच विचारायचात. मग ती बाळाचं नाव सांगायला लागली. मी थांबवलं. एकाचं उत्तर दुसऱ्याकडून घेत नाहीत. मंजिरीला मीच विचारीन.

ती उद्या फोन करणार आहे. उचलायला मी घरी असणार, हे सुप्रभाने तिला सांगितलंय. आज दिवसभर बसून प्रश्नांची यादी केली. चौदा प्रश्न. भाषा तटस्थ, कुठे टोमणा नाही. पहिला : कशी आहेस? दुसरा : बाळाचं नाव काय ठेवलं? नववा माफीबद्दल आहे, ती कोणी मागायची हे मुद्दाम मोघम ठेवलंय. आरशासमोर तीनदा वाचून पाहिली. आवाज लागला आहे. यात अपयश येण्याचं कारण दिसत नाही.

शुक्रवार, २ मे

लेबर पार्टी प्रचंड बहुमताने आली. कोण जिंकणार ते पोलनी बरोबर सांगितलं होतं.

सहा पन्नासला फोन वाजला. सुप्रभाचे हात कणकेत होते. अहो, घ्या ना, म्हणाली. यादी माझ्या हातात होती, चष्मा डोळ्यांवर. उचलला. बाबा, मी मंजिरी, असं तिकडून आलं. फोन ठेवला नाही. थांबली होती. पहिला प्रश्न मला स्वच्छ दिसत होता, दोनच शब्दांचा.

आईला देतो, म्हटलं.

सुप्रभाने हात पुसत फोन घेतला. मी दाराआड उभा राहिलो, बावीस मिनिटं. नाव कानावर पडेल असं वाटलं होतं. पण मायलेकी तिला नुसतं ती म्हणतात. ती झोपली का. तिने खाल्लं का.