हरभरा आणि डाळ

नाना, आज दुपारपासून माझं कामात लक्ष नाही. दोनदा उठून गॅलरीत जाऊन आले. चहा केला, तो तसाच निवला. एका गिरणीवाल्याचं करप्रकरण समोर आहे आणि त्यात जवळपास तोच प्रश्न आहे, ज्यासाठी आपण आईला घेऊन धुळ्याला गेलो होतो.

असोद्याची शेती भावांकडे सोडून तुम्ही जळगावात डाळमिल उभी केलीत. सीए म्हणाले म्हणून तिची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली. कायद्याने दोन डायरेक्टर लागतात, म्हणून दुसरी डायरेक्टर आई. ती शिंदखेड्याची, अहिराणी बोलणारी, जेमतेम शाळा शिकलेली. सही करायची तर आधी पदर सावरून बसायची. मी कॉलेजात असताना विक्रीकराची नोटीस आली. हरभरा घेताना त्यावरचा कर भरलेलाच होता. डाळ म्हणजे हरभराच असं ठरलं तर पुन्हा कर नाही. डाळ वेगळी वस्तू ठरली तर मागच्या सगळ्या विक्रीवर कर. सीए समजावून सांगायचे, तुम्ही मान हलवायचात आणि घरी येऊन मला विचारायचात, "तू बी.कॉम.ला आहेस ना? मग सांग, आपण भरडतो ते काय?" मी पुस्तक उघडून व्याख्या शोधायला लागायचे. तुम्ही जेवणावरून अर्धवट उठायचात.

धुळ्याच्या विक्रीकर ऑफिसात, अपिलाच्या सुनावणीला, सीए छान बोलले. हरभरा फक्त भरडला, त्यात नवीन काही घातलं नाही, असं म्हणाले. साहेब ऐकत होते. मग त्यांनी आईकडे बघून सहज विचारलं, "तुम्ही डायरेक्टर ना, बाई? तुम्हाला काय वाटतं?" आई दचकली. तुमच्याकडे बघून म्हणाली, "साहेब, हरभरा येगळा, दाय येगळी शे. दोन्ही एक कसं व्हई?" साहेब हसले नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

बाहेर आल्या आल्या सीए म्हणाले, "भाऊ, भाभींना आणायलाच नको होतं. एका वाक्यात केस घालवली." त्यांच्यासमोर तुम्ही कधी खुर्चीला पाठ टेकून बसला नव्हतात. त्या दिवशी म्हणालात, "ती खोटं बोलली का? नाही ना? मग हे तिच्यासमोर पुन्हा बोलायचं नाही." परतीची एसटी पारोळ्याला थांबते. तुम्ही खाली उतरून आईसाठी गरम भजी आणता. ती पुडा मांडीवर घेऊन बसते, उघडत नाही.

अपील फेटाळलं गेलं. आदेशात आईच्या बोलण्याचा उल्लेखही नव्हता, नुसती कलमं. एक मशीन विकावी लागली. मग तुम्ही दुसऱ्यांचा माल मजुरीवर भरडून द्यायला लागलात. सीएंनी डायरेक्टर बदलायचं सुचवलं, तर "तीच राहील" एवढंच बोललात. पण आई त्यानंतर कुठल्याच ऑफिसात बोलली नाही. बँकेत कोणी नाव विचारलं तरी तुमच्याकडे बघायची.

सीएंनी पुढे वर नेलेल्या अपिलाचा निकाल आपल्या बाजूने लागला, तेव्हा तुम्ही नव्हतात. सीए स्वतः पेढे घेऊन घरी आले. "भाभी, जिंकलो. डाळ म्हणजे हरभराच, असं ठरलं." आईने पेढा हातात घेतला आणि विचारलं, "मंग मी त्या दिन खोटं बोलनू का?" सीएंनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा नुकतंच करसल्लागार म्हणून काम सुरू केलं होतं. मी म्हटलं, "नाही गं आई." ती माझ्याकडे बघत राहिली, मी पुढे काही सांगेन म्हणून. मी पेढ्यांचा बॉक्स उचलून आत नेऊन ठेवला.

नाना, तुम्ही तिला काय सांगितलं असतंत? मला वाटतं, तुम्हाला जमलं असतं. आई आता खूप थकली आहे, आतल्या खोलीत पडून असते. हे लिहिलेलं तिला वाचून दाखवावं असं मघाशी मनात आलं, उठलेही होते. पण तिने तेच पुन्हा विचारलं तर, या भीतीने दारातूनच परत आले.